उमललं म्हणायचा मान

लिन गावच्या आयना कॉर्बेटच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा डोंगरावरची पानं लाल होत होती. आता त्या पानांची माती झाली होती, तरी पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशातच होतं. कोट धुवायला टाकायची मी टाळाटाळ करतो, हे ऑर्फाताईच्या लक्षात आलं होतं. तिने विचारलं नाही. फक्त माझ्या जवळून जाताना ती हल्ली नाक वर करून जायची.

पत्र लहान होतं. "लेम्युएल, मुलाने मला ॲक्रन शहरात बोलावलं आहे. तिथे त्याच्या घराला मागे अंगण नाही, म्हणजे मधमाश्या न्यायच्या नाहीत. तुम्ही इथे येणार असाल तर मी जाणार नाही. वरची खोली कोरडी आहे, पुस्तकांना चालेल. एकटेपणाला भिऊन लिहीत नाही. माश्यांची सोबत पुरेशी असते, फक्त त्या वाचत नाहीत. तुमच्या गावात सार्विसचं झाड फुलल्याशिवाय कुणी काही ठरवत नाही हे मला ठाऊक आहे. तोवर थांबते. मग घर देऊन टाकीन."

उत्तराचे खर्डे मी पुष्कळ केले. एका खर्ड्यात थोरामोठ्यांची इतकी वचनं घातली की माझं स्वतःचं म्हणून शेवटचं 'आपला' एवढंच उरलं. तो मी चुलीत घातला. मग जानेवारीत हॉबर्टदादा गेला आणि, सांगायला बरं वाटत नाही, पण मला एक आडोसा मिळाला.

जमीन तेव्हा इतकी गोठली होती की खाणीतल्या माणसांनी सुरुंगाची अर्धी कांडी लावून खड्डा केला. दादा असता तर पूर्ण लावा म्हणाला असता. त्याला पुरलं, पण प्रवचन राहिलं. हिवाळ्यात गेलेल्या माणसाचं प्रवचन आमच्याकडे सार्विस फुलल्यावरच होतं. बर्फ वितळून घाट मोकळा झाल्याशिवाय पूर्वी धर्मोपदेशक वर येऊ शकत नसे, आणि घाट मोकळा झाल्याची खूण म्हणजे हे झाड. पानं फुटायच्याही आधी ते पांढरंशुभ्र होतं. आता पक्का रस्ता आहे, आताच्या धर्मोपदेशकाकडे, ब्रदर हॅचरकडे, फोर्ड गाडी आहे, पण रिवाजाला रस्त्याशी काय देणंघेणं. प्रवचन होत नाही तोवर मेलेला माणूस पुरता मेलेला नसतो. त्याची बंदूक कुणाची नसते, त्याची बायको विधवा नसते, आणि त्याच्या घरात लग्न ठरत नाही. त्याच्या भावाचंसुद्धा नाही.

झाड फुललं की नाही हे मात्र वाटेल त्याने म्हणायचं नसतं. चर्चच्या आवारातल्या जुन्या सार्विसखाली आमच्या एस्टेप घराण्यातलं सगळ्यांत मोठं माणूस जातं, खोडावर हात ठेवून वर बघतं आणि "उमललं" म्हणतं. किंवा "नाही" म्हणतं. गेली कित्येक वर्षं हे दादा म्हणायचा. या वर्षी तो मान ऑर्फाताईकडे आला होता. तिच्या डोळ्यांत दोन वर्षांपासून ढग साठत होते. "हल्ली छापखानेवाले शाई वाचवतात," असं ती म्हणायची, आणि मी रोज संध्याकाळी तिला बायबल वाचून दाखवायचो. कप किती भरला ते कळावं म्हणून ती आत बोट घालून कॉफी ओतायची. घरात सगळ्यांना माहीत होतं, गावातही होतं. कुणी बोलत नव्हतं.

शनिवारी दुपारी मी लाकडं घेऊन स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा दोन्ही पक्ष टेबलाशी बसले होते. ब्रदर हॅचर दुसऱ्या दिवशी येणार होते, त्यामुळे प्रवचन झालं नाही तरी जेवण होणारच होतं. दादाची बायको झेलावहिनी वाळवलेल्या सफरचंदांचं सारण लावून केकचे थर एकावर एक रचत होती. तिची मुलगी व्हर्ना कोंबडीचे तुकडे करत होती, जरा गरजेपेक्षा जोरात.

"उद्या काही फुलत नाही," ऑर्फाताई म्हणाली.

"कळ्यांची टोकं पांढरी झालीत, वन्सं. आठवडाभर ऊन आहे."

"टोक म्हणजे फूल नव्हे. अंड्याला चीर पडली म्हणून पिल्लाचं नाव ठेवतात का?"

"पण ब्रदर हॅचर पुढच्या रविवारी रेडबडला जाणार. तिथून डॉगवुड, मग लिन. मग आपली पाळी कधी यायची?"

"लिननंतर. जूनमध्ये," व्हर्ना म्हणाली. "बाबांना काही घाई नाहीये."

"तुझ्या बाबांना नसेल."

"मग कुणाला आहे ते बोल की. सगळ्या गावाला ठाऊक आहे. अंगठ्यासकट साखर तोलणाऱ्याला आहे."

वहिनीचा चमचा थांबला. दुकानदार आर्व्हिल माउंट्स तिला मागणी घालून बसला होता. प्रवचनाच्या दुसऱ्या दिवशी लग्न, असं त्यांचं आपसात ठरल्याचं व्हर्नाला कळलं होतं, आणि तेव्हापासून ती आईशी बोलायची ती कोंबडी तोडता तोडता.

"आर्व्हिल अंगठा ठेवत नाही," वहिनी म्हणाली.

"तू आता तराजूच्या त्या बाजूला उभी असतेस, आई. तुला कसा दिसणार?"

"लेम," ऑर्फाताईने माझ्या दिशेने, म्हणजे थोडं दाराच्या दिशेने, तोंड केलं. "तुला काय वाटतं?"

"पुस्तकात असं दिलंय की उंचीप्रमाणे बहराचा काळ—"

"पुस्तकाला नाही विचारलं. तुला विचारलं."

"मला... दोन्ही बाजूंनी सांगता येईल."

"भावजी," वहिनी केकवरून मान न उचलता म्हणाली, "आर्व्हिल सांगत होता, लिनच्या टपालाच्या पिशवीत तुमचं कधीच काही नसतं."

आर्व्हिल दुकानातच टपालही सांभाळायचा. तो कुणाची पत्रं उघडत नसे. उघडायची गरजच पडत नसे. माझे कान तापले. मी लाकडं चुलीजवळ ठेवली आणि ती पुन्हा पुन्हा सारखी करत राहिलो.

"लिनला कशाला काय असेल?" ऑर्फाताई म्हणाली. "जूनपर्यंत झोपलेलं गाव ते."

आमच्या खोऱ्यातल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या मोजणीदाराने गावं नकाशावर घातली, तो जिथे पोचला तिथे त्या आठवड्यात जे झाड फुललं होतं, त्याचं नाव लिहून मोकळा झाला. एप्रिलच्या तोंडाशी सार्विस, मग रेडबड, मग डॉगवुड, आणि उन्हाळ्यात लिन. एवढ्याशा वाटेला इतका वेळ कसा लागला, यावर रेडबडची माणसं सांगतात की तो डॉगवुडला दारू पीत बसला. डॉगवुडची सांगतात, रेडबडला. पण आम्ही पहिले फुलतो याबद्दल दुमत नाही, आणि लिनकडे सार्विसची माणसं, शाळेला उशिरा येणाऱ्या पोराकडे बघावं, तशी बघतात.

मी मागच्या पायरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने वहिनी हात पुसत बाहेर आली.

"भावजी, तुमचा एकट्याचाच नाही, माझाही जीव अडकलाय. उद्या वन्संच्या शेजारी तुम्ही उभे राहा. त्यांना काय दिसतंय ते तुम्हाला माहिती आहे. हळूच म्हणा, उमललं."

"हे खोटं होईल, वहिनी."

"फुललं असलं तर कसलं खोटं?"

"आणि नसलं तर?"

तिने माझ्याकडे बघितलं. दादाही माझ्याकडे असंच बघायचा, मी घोड्यावर उलट्या बाजूने चढायचो तेव्हा. "तुमचं उत्तर काय असणार, ते त्या बाईला अजून माहीत नाही. मला माहिती आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

तिकडे आत व्हर्ना ऑर्फाताईच्या कानाशी लागली होती. हे मला व्हर्नानेच पुढे सांगितलं. "आत्या, उद्या मी असेन तुझ्याजवळ. हात घट्ट दाबला तर फुललंय, नाही दाबला तर नाही." ऑर्फाताई म्हणाली, "मला हात दाबून घ्यायची काही गरज नाही. मला दिसतं." मग थोडं थांबून, "पण थंडी असली तर धर हात." दोघींचा करार झाला. ताईचं कारण वेगळं होतं. मी लिनला गेलो तर घर रिकामं होईल. हे ती व्हर्नाशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. ती फक्त म्हणाली की झाडाला घाई करू नये.

रात्री थंडीने उचल खाल्ली. बहराच्या ऐन तोंडावर अशी एक झडप येतेच, तिला आम्ही सार्विसचा हिवाळा म्हणतो. सकाळी मी पडदा बाजूला केला तर ओला, चिकट बर्फ. जमीन आठवडाभर तापलेली, त्यामुळे रस्त्यावर चिखलाखेरीज काही नव्हतं. पण एकूणएक फांदी पांढरी झाली होती.

व्हर्ना म्हणते, ती खिडकीत उभी राहून एकटीच हसली. प्रश्न मिटला होता. कुणाचा हात दाबायला नको, कुणाशी भांडायला नको. बर्फात झाड फुललं असं म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता.

आणि कुणी ऑर्फाताईला बर्फाबद्दल सांगितलं नाही. वहिनीला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं व्हर्नाने. खरं कारण वेगळंच होतं. सांगायचं म्हणजे तिला दिसत नाही असं म्हणायचं, आणि ते आमच्या घरात कुणी म्हणत नव्हतं. आर्व्हिलने त्याचा ट्रक थेट पायरीला लावला. ताई काळा कोट आणि आईची जुनी टोपी घालून पुढे बसली. वाटभर ती एवढंच म्हणाली, "गारठा आहे." "आहे," आर्व्हिल म्हणाला. बर्फाचं तोही बोलला नाही.

चर्चच्या आवारात सगळं गाव जमलं होतं. झाकलेली भांडी आतल्या बाकांवर ठेवली होती. ब्रदर हॅचर गाडीच्या पायरीवर उभे होते. कोट त्यांनी काढलासुद्धा नव्हता, बर्फ बघून ते जेवण होताच परत फिरायच्या तयारीत होते. आर्व्हिलने टोपी काढली. तो वहिनीच्या शेजारी उभा नव्हता, पण शेजारी नसल्यासारखाही नव्हता. मी मागे उभा होतो. माझ्या खिशातल्या पत्राला जूनपर्यंतची मुदत मिळाली, असं मला वाटत होतं, आणि त्याचा मला व्हावा तितका आनंद होत नव्हता.

व्हर्नाने आत्याला झाडापर्यंत नेलं. हात दाबला नाही. सोडून दिला आणि दोन पावलं मागे सरकली.

ताईने हातमोजा काढला. तळवा खोडावर ठेवला. मान वर केली.

काय दिसलं ते तिने मला एकदाच सांगितलं. ती 'नाही' म्हणायला आली होती. ओठांवर शब्द तयार होता. पण वर बघितलं तर सगळं पांढरं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आई तिला कडेवर घेऊन दाखवायची तसंच पांढरं. किती दिवसांनी तिला काहीतरी नीट दिसलं होतं. दादा तिथेच बाजूला मातीखाली. त्याच्यासमोर, त्याचा मान घेऊन, दिसत असलेलं दिसत नाही म्हणायचं, हे तिच्याने होईना.

"उमललं," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. ब्रदर हॅचरांच्या टोपीवर वरून एक गोळा पडला आणि टोपी कलली. त्यांनी ती सरळ केली नाही.

व्हर्नाला एकच वाक्य बोलायचं होतं. आत्या, तो बर्फ आहे. मग जून. मग कदाचित उन्हाळ्यात आर्व्हिलचं मन बदलेल, किंवा आईचं. तिने आईकडे बघितलं. वहिनीने विनवलं असतं तर बरं झालं असतं, व्हर्ना म्हणते, मी बोललेच असते. पण आईने खाली बघितलं होतं. आणि आत्याचा चेहरा वरच होता. व्हर्नाने तो चेहरा तसा कधी बघितला नव्हता. सगळ्यांना माहीत असणं वेगळं, आणि सगळ्यांसमोर तोंडावर सांगणं वेगळं.

"हो आत्या," व्हर्ना म्हणाली. "गच्च फुललंय."

मग काय, ब्रदर हॅचरांनी कोट काढला. भर बर्फात कोट काढून त्यांनी हॉबर्ट एस्टेपचं प्रवचन केलं. ते त्यांनी फुलांवर तयार केलं होतं, आणि बदलायला वेळ नव्हता. देवाने वसंताची ही पहिली फुलं आपल्यावर उधळली आहेत, असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडातून वाफ येत होती. अर्ध्यात ऊन पडलं आणि झाड सुटायला लागलं. गोळे धपाधप पडू लागले. कुणाच्या टोपीवर, कुणाच्या उघड्या गीतपुस्तकावर. आर्व्हिलच्या टकलावर एक बसला, तो तसाच उभा राहिला, पाणी कानामागून उतरू दिलं. वर कुणी बघेना.

"यंदा पाकळ्या लवकर गळतायत," वहिनी मोठ्याने म्हणाली, ताईला ऐकू जावं म्हणून.

"वारा आहे ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमेन," ब्रदर हॅचर म्हणाले.

जेवणं सुरू झाली तेव्हा ऑर्फाताईने माझा दंड धरला. "मला जरा मागच्या बाजूला ने." आम्ही चर्चच्या भिंतीआड गेलो. तिथे ऊन होतं.

"दुसऱ्या गीताच्या वेळी माझ्या मानेत काहीतरी पडलं," ती म्हणाली.

"पाकळी असेल."

"पाकळी वितळून कमरेपर्यंत जात नाही, लेम."

मी बुटाचा चिखल भिंतीला पुसत राहिलो.

"सगळ्यांना दिसत होतं?"

"हो."

"व्हर्नालासुद्धा?"

"तीच म्हणाली ना, गच्च फुललंय."

ताई भिंतीला टेकली. बराच वेळ ती हातमोजा घालत राहिली, उलटा. "म्हणजे आईचं लग्न तिला चालतंय आता."

"चालत नाही. तरी म्हणाली."

"हं." मग म्हणाली, "पोरगी दादावर गेली नाही. दादाने सांगून टाकलं असतं, वर हसला असता."

मला तेवढ्यात एक फट दिसली. "ताई, अजून काही बिघडलं नाही. ब्रदर हॅचरना सांगता येईल. चूक म्हणजे चूक. खरं फुलेल तेव्हा पुन्हा—"

"हे कुणासाठी सांगतोयस? माझ्यासाठी की स्वतःसाठी?"

"तत्त्वाचा प्रश्न म्हणून."

"तत्त्व घाल चुलीत. दादाचं प्रवचन झालं, चांगलं झालं. मी उमललं म्हटलंय. आता ते उमललेलं आहे, झाडाला पटो न पटो." तिने माझ्या कोटावर छातीपाशी बोट टेकवलं, नेमकं पत्रावर. डोळे गेले तरी तिला हे बरोबर सापडलं. "तिने कधीपर्यंत थांबते म्हटलंय?"

"सार्विस फुलेपर्यंत."

"मग ब्रदर हॅचर आज खोऱ्यातून खाली जातील आणि गावोगाव सांगत जातील की सार्विस फुललं. उद्यापरवा तिच्या कानावर जाईल. आणि तुझं काही नसेल."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. जूनपर्यंतची मुदत एका शब्दात गेली होती, आणि तिकडे एक बाई लवकरच समजणार होती की मी फुललेलं झाड बघूनही गप्प बसलो.

"तुला वाचून कोण दाखवेल?" मी विचारलं. माझ्याकडे हे एवढंच उरलं होतं, आणि ते खरं होतं.

"व्हर्ना."

"व्हर्ना वंशावळ्या गाळते. अमक्याला तमका झाला, ते सगळं सोडून पुढे जाते. मी ऐकलंय."

"लेम," ऑर्फाताई म्हणाली, "तू एकही नाव गाळत नाहीस. दोन वर्षं मी सहन केलंय. मला वाटायचं तुला आवडतं."

"मला वाटायचं तुला हवं असतं."

आम्ही दोघंही थोडा वेळ समोर बघत राहिलो, मी डोंगराकडे आणि ती साधारण त्या बाजूला.

"पण लिन," ती शेवटी म्हणाली. "शोधून शोधून लिन."

"मध चांगला असतो तिथला."

"मध पाठव मग. आणि जा आता. भिजलेय मी, मला आत सोड आधी."

आर्व्हिलचं दुकान रविवारी बंद असतं, पण मला पत्र टाकायचंय हे कळताच वहिनीने त्याला नुसतं "चल" म्हटलं आणि तो भरलेली थाळी ठेवून उठला. मी ट्रकच्या मागच्या भागात चढलो, पुढे व्हर्नाही चढली. का, ते तिने सांगितलं नाही. तिने आईकडे बघितलं नाही, पण तिच्या आणि दाराच्या मध्ये बसण्याऐवजी तिच्या आणि आर्व्हिलच्या मध्ये बसली.

मी त्याच्या गल्ल्याजवळ उभ्याने लिहिलं. मागे तिघंही दुसरीकडे बघत उभे होते, त्यामुळे मला विचार करता येईना, आणि त्यामुळे लिहून झालं. "आयना, इथे आज सार्विस फुललं असं ठरलं आहे. मी येतो. लेम्युएल." त्यात एकही वचन नव्हतं. फार उघडं वाटत होतं. मी म्हटलं, खाली एखादी ओळ घालावी का, प्रस्तावना म्हणून.

"पाकिटात घाला, भावजी," वहिनी म्हणाली.

आर्व्हिल जाळीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, रीतीप्रमाणे. मी पाकीट फटीत सरकवलं. अर्धं आत गेलं. माझ्या मनात आलं की 'येतो'च्या जागी 'येईन म्हणतो' जास्त योग्य झालं असतं. मी ते जरा मागे ओढलं. ते येईना. पलीकडून आर्व्हिलने दुसरं टोक धरलं होतं.

"आर्व्हिल, एक मिनिट."

"टपालात पडलं की ते सरकारचं, लेम."

"अजून पडलं नाहीये."

"म्हणूनच ओढतोय."

"काका," व्हर्ना मागून म्हणाली. तिचा आवाज सकाळी झाडाखाली होता तसाच होता. "सोडा."

मी सोडलं. जाळीमागे शिक्का जोरात बसल्याचा आवाज आला.

"रविवारी शिक्का मारतोय हा," व्हर्ना आईला म्हणाली. सकाळपासून ती आईशी बोलली असं ते पहिलंच वाक्य होतं.